गावचा रूढ इतिहास पुन्हा तपासायचा कसा: कागद, तारखा आणि साक्षी कोणत्या क्रमाने घ्याव्यात

सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात स्मरणिका, फलक आणि भाषणे यांची तयारी सुरू होते. २०२३ साली मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला, तेव्हापासून गावोगावचे शिक्षक आणि विद्यार्थी ‘आमच्या गावचा इतिहास’ लिहायला लागले आहेत. काम चांगले आहे, पण बहुतेक ठिकाणी ते दोनपैकी एका खड्ड्यात जाते. एक तर जुन्या स्मरणिकेतला मजकूर जसाच्या तसा उतरवला जातो. नाहीतर एखादा कागद हाती लागताच ‘आजवर सांगितलेले सगळे खोटे’ असे जाहीर होते. दुसरे लोक स्वतःला संशोधक म्हणवतात, पण पुरावा तपासण्याचा कंटाळा दोघांनाही सारखाच असतो.

चूक बहुधा क्रमात असते. लोक आधी फोन घेऊन म्हाताऱ्यांकडे जातात, मग त्यांच्या बोलण्याला जुळतील असे कागद शोधतात आणि तारखा शेवटी बसवतात. क्रम नेमका याच्या उलटा हवा. पुढे उदाहरणे मुख्यतः १९३८ ते १९४८ या काळाची घेतली आहेत, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

## टप्पा १: रूढ गोष्ट लिहून काढा आणि तिची वाक्ये सुटी करा

तपासायची गोष्ट आधी जशी सांगितली जाते तशी लिहा. त्यात सुधारणा करू नका. समजा, गावात अशी गोष्ट सांगतात:

‘१७ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे रझाकारांनी गावावर हल्ला केला. गावकऱ्यांनी गढीवरून तीन दिवस झुंज दिली. सात जण हुतात्मा झाले. त्याच दिवशी फौज आली आणि गाव निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले.’

आता प्रत्येक दावा वेगळ्या ओळीवर घ्या: तारीख, हल्ला कोणी केला, जागा, किती दिवस, किती मेले, फौज कधी आली, ‘मुक्त झाले’ म्हणजे नेमके काय झाले. प्रत्येक ओळीसमोर अर्धे पान कोरे ठेवा.

हे केल्यावर निम्मे काम बसल्या जागी होते. झुंज तीन दिवस चालली आणि फौज ‘त्याच दिवशी’ आली, ही दोन वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत, हे लगेच दिसते. तारखेबद्दलही संशय यायला हवा. १७ सप्टेंबर हा सरकारी उत्सवाचा दिवस असल्यामुळे १९४७-४८ या दोन वर्षांत गावात जे जे घडले ते हळूहळू त्याच तारखेला येऊन चिकटते. पोलीस ॲक्शन, म्हणजे भारत सरकारची संस्थानावरची लष्करी कारवाई, १३ सप्टेंबरला सुरू झाली. १७ ला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्याच्या सैन्याचे प्रमुख अल इद्रूस यांनी भारतीय फौजेचे जनरल चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली ती १८ ला. फौज कोणत्या गावात कधी पोचली, हे रस्त्यावर आणि गावाच्या जागेवर अवलंबून होते.

‘मुक्त झाले’ या शब्दांतही बरेच भरलेले आहे. निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. म्हणून ‘राजवट संपली’ याचा अर्थ लष्करी सत्ता संपली, कारभार बदलला की गादी गेली, हे लिहिणाऱ्याने ठरवलेच पाहिजे.

तपासा: तुमच्या यादीतली एक ओळ खोटी ठरली तर बाकीच्या आपोआप पडतात का? पडत असतील तर दावे अजून नीट सुटे झालेले नाहीत. तारीख चुकली म्हणून हल्ला झालाच नाही, असे होत नसते.

## टप्पा २: काळ आणि हद्द नक्की करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून बहुतेक जण तो गाळतात आणि पुढे महिनोन्महिने चुकीच्या फायली चाळतात.

फसली सन. हैदराबाद संस्थानाच्या सरकारी कागदांवर फसली, म्हणजे महसुली, वर्ष असते. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होई आणि आबान महिन्याने संपे. वर्ष सुरू झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी फसली सनात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या तारखेसाठी ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे वर्ष. पोलीस ॲक्शन त्याच्या अगदी शेवटी, आबान महिन्यात येते.

सर्वात मोठा सापळा हिजरीचा. १९४८ च्या सप्टेंबरात हिजरी सन १३६७ होता आणि फसली १३५७. आकडे इतके जवळचे की घोळ होतोच. कागदावरचा १३५७ हिजरी समजून कोष्टकात पाहिला तर १९३८-३९ साल निघते. आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला ऑक्टोबर १९३८ मध्ये, विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळही त्याच वर्षाची. त्यामुळे चुकलेली तारीख अगदी खरी वाटते. १९४८ च्या लुटीची फिर्याद १९३८ च्या सत्याग्रहाचा पुरावा म्हणून छापली जाऊ शकते आणि वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही. महिन्याचे नाव पाहा. आजूर, दै, बहमन, खुर्दाद, तीर, मेहेर, आबान असे काही असेल तर फसली. मोहरम, सफर, रमजान, शव्वाल असेल तर हिजरी.

सण आणि बाजार. तोंडी साक्षीत तारीख कधीच येत नाही, सण येतो. म्हणून त्या वर्षाचे पंचांग जवळ ठेवा. १९४८ साली पोळा सप्टेंबरच्या अगदी सुरुवातीला होता, महालक्ष्म्या होऊन गेल्यावर १३ तारीख आली आणि १७ ला अनंत चतुर्दशी होती. एखाद्या आजी ‘पोळ्याच्या आधी आम्ही रानात लपलो’ म्हणाल्या, तर त्या ऑगस्टअखेरची किंवा त्याआधीची गोष्ट सांगत आहेत, पोलीस ॲक्शनची नव्हे. १३ सप्टेंबरला सोमवार होता, १७ ला शुक्रवार. गावचा बाजार कोणत्या वारी भरे, ते विचारून ठेवा. ३० जानेवारी १९४८ ही दुसरी पक्की खूण: गांधीजी गेल्याची बातमी कुठे ऐकली, हे जवळजवळ प्रत्येकाला आठवत असे. स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर घातलेला छापाही त्याच दिवशीचा.

जिल्हा. आजच्या जिल्ह्यात तेव्हाचे कागद शोधू नका. संस्थानी काळात मराठवाड्याचे जिल्हे पाच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना १९८१ ला वेगळा झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. उदगीर तालुक्यातला माणूस उस्मानाबादच्या फायली चाळून ‘कागदच नाहीत’ म्हणत परत येतो, तो यामुळे.

गाव कोणाचे. दिवाणी इलाखा (सरकारी), सर्फेखास (निजामाची खासगी मालकी), पायगा (बड्या उमराव घराण्यांची) की जहागीर? जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या. त्याआधी जहागिरीच्या गावांत वसुली आणि अनेकदा पोलीसही वेगळे असत, म्हणून कागदही वेगळ्या मालिकेत सापडतात.

नावे. अंबाजोगाई कागदांत मोमिनाबाद म्हणून येते, बीडचे स्पेलिंग भीर होते. गावाच्या नावाची जितकी रूपे सापडतील तितकी पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सावधान: अहमदनगरची निजामशाही १६३६ ला संपली. हैदराबादचे असफजाही निजाम १७२४ पासूनचे. गावातली गढी, बारव किंवा मशीद ‘निजामाच्या काळातली’ असे ऐकले की आधी कोणता निजाम ते विचारा. कितीतरी गावांच्या इतिहासात इथे दीडशे-दोनशे वर्षांची उडी पडलेली असते.

## टप्पा ३: गोष्टीची वंशावळ काढा

ही गोष्ट पहिल्यांदा कोणी लिहिली? किती साली? तो तिथे होता का? त्याच्याकडून पुढे कोणी उतरवली? गावाबद्दल छापून आलेले सगळे जमा करा: शाळेच्या शताब्दीचा अंक, हुतात्मा स्मारकाचा फलक, जिल्हा गॅझेटियर, दैनिकांच्या पुरवण्या. सालवार लावा आणि जुन्याकडून नव्याकडे वाचा. प्रत्येक वेळी काय वाढले, ते रंगीत पेनाने दाखवा. आकडे जवळपास नेहमी वाढतात, कमी होताना क्वचितच दिसतात.

दोन लेखांत एकच चूक सापडली, म्हणजे एकाच आडनावाचे तेच चुकलेले स्पेलिंग किंवा तोच चुकीचा वार, तर एकाने दुसऱ्याचे उतरवले असे समजा. पाच पुस्तकांत आहे म्हणजे पाच पुरावे झाले, असे नाही. मूळ एकच असेल तर पुरावाही एकच.

ही पद्धत किती उपयोगाची आहे, ते आपल्याच दौलताबादवर पाहता येते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी हलवली, अख्खी दिल्ली ओस पडली, आंधळ्या-पांगळ्यांनाही फरफटत आणले, हे शाळेपासून ऐकलेले. आता वंशावळ काढा. इतिहासकार झियाउद्दीन बरनी सुलतानाच्या दरबारात होता खरा, पण त्याने लिहिले सुमारे तीस वर्षांनी, सुलतान वारल्यानंतर. दुसरा इतिहासकार इसामी, त्याच्या घराण्यालाच सक्तीने इकडे यावे लागले होते. त्याचे म्हातारे आजोबा वाटेत वारले. त्याने लिहिले ते १३५० च्या सुमारास, तुघलकाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. फरफटत आणलेल्या आंधळ्याचा फक्त पाय दौलताबादेत पोचला, ही गोष्ट परदेशी प्रवासी इब्न बतूताची, आणि तो दिल्लीत पोचला १३३४ ला. म्हणजे त्याने पाहिले काहीच नाही, ऐकलेले लिहिले.

समोर दुसऱ्या जातीचा पुरावा ठेवा. दिल्ली परिसरात १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. ओस पडलेल्या शहराच्या आसपास कोणी शिलालेख कोरून घेत बसत नाही. इकडे खुलताबादला बुरहानुद्दीन गरीब आणि अमीर हसन सिज्जी यांच्या कबरी आहेत, म्हणजे दिल्लीची सुफी आणि विद्वान मंडळी इकडे आली होती, हेही नाकारता येत नाही.

मग वाक्य कसे बदलते ते पाहा. ‘दिल्ली ओस पडली’ हे टिकत नाही. ‘दरबारी, उमराव, उलेमा आणि सुफी घराण्यांतल्या अनेकांना सक्तीने हलवले, त्यात हाल झाले’ हे टिकते. आणि ‘असे काही घडलेच नाही, सगळा बनाव’ हे तर अजिबात टिकत नाही. इसामीला सुलतानाचा राग होता म्हणून त्याच्या घराण्यावर प्रसंग आलाच नाही, असे म्हणता येणार नाही.

## टप्पा ४: कागद गोळा करा, जवळून दुराकडे

आधी गावातले. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कमालीचे उपयोगी पडते: कोणत्या वर्षी किती मुले अचानक गैरहजर झाली किंवा नावे कमी झाली, त्यावरून गाव कधी पांगले ते कळते. जन्म-मृत्यूची नोंदवही, घराघरांतल्या मुंतखबा (इनामाचे दाखले), जमिनीच्या पावत्या, देवस्थानाच्या वह्या पाहा. वहीवाले लोक वही देणार नाहीत, आणि देऊही नये. तिथेच फोटो काढा.

मग तहसील आणि जिल्ह्याची रेकॉर्ड रूम. अर्जात ‘गावचा इतिहास पाहायचा आहे’ असे लिहिले तर कोणी काही देणार नाही. गाव, जुना तालुका, सन आणि कागदाचा प्रकार लिहा. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे अनेक ठिकाणी जुनी दप्तरे खाली काढली गेली, याद्या झाल्या, उर्दू आणि मोडी वाचणारे शोधले गेले. त्याचा फायदा घ्या.

त्यापुढे राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईची कार्यालये, हैदराबादला तारनाक्याचे राज्य अभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार. दिल्लीचा बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतो. हैदराबादला जाण्याआधी ते करा, रेल्वेचे भाडे वाचेल.

एक जागा जवळजवळ सगळे विसरतात: हद्दीपलीकडची. सशस्त्र लढ्याचे कॅम्प संस्थानाच्या बाहेर होते, उमरखेडला, बार्शीच्या बाजूला. पळून गेलेली कुटुंबेही तिकडेच गेली. त्यामुळे धाराशिव, परांडा भागातल्या घटनांचे कागद सोलापूर जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या दप्तरात सापडू शकतात, आणि हदगाव, हिंगोली भागातल्या घटनांचे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या. ते कागद इंग्रजीत आणि इसवी सनात असतात, म्हणून टप्पा २ मधली डोकेदुखीही नाही.

तपासा: प्रत्येक फोटोबरोबर कार्यालय, फाईल क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख लिहिली का? नुसता फोटो म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या माणसाला तोच कागद पुन्हा मागवता आला पाहिजे.

## टप्पा ५: कागद वाचा, आणि कागदाची बाजू ओळखा

मोडीसाठी वाचक मिळतात. हस्तलिखित उर्दूसाठी मदत लागतेच, कारण घाईतल्या शिकस्ता लिपीत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळालेले असतात. उर्दूत ळ आणि ण नाहीत, त्यामुळे दोन वेगळी गावे एकाच रूपात दिसू शकतात. शेजारच्या गावांची, नदीची किंवा पाटलाची नावे जुळतात का ते पाहिल्याशिवाय ‘हे आपलेच गाव’ म्हणू नका. शक्य असेल तर दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या, आणि तुम्हाला काय सापडायला हवे आहे ते त्यांना सांगू नका.

मग विचारा: हा कागद कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिला? संस्थानी पोलिसांच्या कागदात जो ‘लुटारू’, तो स्टेट काँग्रेसच्या पत्रकात ‘सैनिक’. पत्रक बाहेरच्या जगाला अत्याचार कळावेत म्हणून लिहिलेले, अहवाल वरिष्ठांना सगळे काबूत आहे हे दाखवण्यासाठी. विशेषणे बाजूला काढा आणि उरलेल्याची तुलना करा: जागा, माणसे, वेळ, माल. विशेषणे सोडल्यावर दोघांचे आश्चर्यकारक जुळते, असे बरेचदा दिसते.

स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायलींना जपून हात लावा. केंद्राची योजना १९७२ ची. म्हणजे त्यातली शपथपत्रे घटनेनंतर पंचवीस-तीस वर्षांनी आणि नियमात बसतील अशा शब्दांत लिहिलेली. त्यांतून नावे, कॅम्प आणि संबंध कळतात. नेमकी तारीख आणि पराक्रम मात्र दुसऱ्या कागदाशिवाय घेऊ नका.

## टप्पा ६: आता साक्षी घ्या

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. बहुतेक ठिकाणी आता मुलगा किंवा सून बोलते. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: ‘हे तुम्ही पाहिलंय, की घरात ऐकलंय?’ उत्तर वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

दुसरा नियम, आणि तो सगळ्यात जास्त मोडला जातो: उत्तर प्रश्नात घालू नका. ‘आजोबा, १७ सप्टेंबरला रझाकार आले तेव्हा काय झालं?’ या प्रश्नात तारीखही आहे आणि आरोपीही. असे विचारा:

‘काका, गाव सोडून रानात राहायची वेळ कधी आली होती का?’
‘तेव्हा शेतात काय उभं होतं?’
‘कुणाच्या घरी थांबलात? स्वयंपाक कोण करी?’
‘परत आलात तेव्हा घरातलं काय गेलं होतं?’

शेतात काय उभे होते, या प्रश्नाचे मोल मोठे आहे. हायब्रीड ज्वारी वाऱ्यावर डोलत होती असे कोणी सांगितले, तर ती साक्ष बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासच्या आठवणीत मिसळली आहे हे ओळखा. माणूस खोटे बोलत नसतो, दोन आठवणी एकत्र झालेल्या असतात.

पाराखाली दहा जणांसमोर मुलाखत घेऊ नका. पारावर एकच गोष्ट तयार होते, ती सरपंचाला ठाऊक असलेली. घरी जा, वेगवेगळ्या दिवशी जा. आणि फक्त वाड्यांत जाऊ नका. तांडा, दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला आणि सालगड्यांची घरे गाळलीत तर तुमचा नवा इतिहास जुन्याइतकाच तोकडा राहील. बायकांना स्वतंत्रपणे विचारा. पुरुष हल्ला सांगतात, बायका पळापळ सांगतात: कोण कोणाबरोबर गेले, लेकरू कोणाकडे ठेवले, कोणत्या विहिरीचे पाणी बंद केले. तारखा आणि वाटा जुळवायला दुसरेच जास्त उपयोगी पडते.

सावधान: कोणी गुन्हेगार म्हणून नाव घेतले तर ते रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, लेखात आणू नका. नातवंडे त्याच गल्लीत राहतात, आणि एका साक्षीवर कोणाच्या घराण्याला डाग लावायचा अधिकार संशोधनाने मिळत नाही.

## टप्पा ७: तोला

आता टप्पा १ ची यादी पुन्हा उघडा. प्रत्येक ओळीसमोर बाजूचे आणि विरुद्ध पुरावे लिहा. एकमेकांपासून स्वतंत्र, वेगळ्या बाजूचे दोन पुरावे जुळले तर ओळ भक्कम. एकाच बाजूचे चार जुळले तरी ‘बहुधा’च्या पुढे जाऊ नका. कागद सापडला नाही म्हणून घटना झाली नाही, असेही नाही. मात्र सापडायलाच हवा होता अशा ठिकाणी तो नसेल, उदाहरणार्थ सलग असलेल्या मृत्यू नोंदवहीत सातांपैकी पाच नावेच नसतील, तर ती गप्प जागा बोलकी आहे.

इथे एक अवघड विषय येतो, आणि तो टाळून मराठवाड्याचा १९४८ लिहिता येत नाही. रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ आणि खून यांचे भरपूर पुरावे आहेत. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसेचेही आहेत. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती केंद्र सरकारच्याच सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार नोंदवले. अहवाल कित्येक दशके लोकांसमोर नव्हता.

तो वापरताना चुका दोन्हीकडून होतात. एक जण तो हाती घेऊन रझाकारांचे अत्याचार पुसायला निघतो. दुसरा रझाकारांची यादी पुढे करून अहवाल झटकतो. एका रकान्यातली बेरीज दुसऱ्यातून वजा होत नाही. आणि २७ ते ४० हजार हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. त्यावरून तुमच्या गावात किती माणसे गेली ते कळत नाही. गावासाठी गावचाच पुरावा लागतो.

तपासा: तुमच्या निष्कर्षाला सर्वात गैरसोयीचा कागद कोणता? तो यादीत आहे का? एकही गैरसोयीचा कागद नसेल तर शोध अर्धवट झाला आहे.

## टप्पा ८: नवे वाक्य लिहा

जेवढे पुराव्याने हलवले तेवढेच हलवा. वर घेतलेली गोष्ट तपासल्यावर अशी काही होऊ शकते:

‘१९४८ च्या पोळ्याआधी, बहुधा ऑगस्टअखेर, सशस्त्र टोळीने गावावर हल्ला केला. टोळीत रझाकार होते असे गावातल्या साक्षी आणि हद्दीपलीकडचा पोलीस अहवाल, दोन्ही सांगतात. गढीवरून प्रतिकार झाला, तो एक रात्र चालला असावा. दोन मृत्यूंची नोंद सापडते, आणखी पाच नावे गावात सांगितली जातात. फौज गावात सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली.’

जुनी गोष्ट इथे मेलेली नाही. हल्ला आहे, प्रतिकार आहे, हुतात्मे आहेत. तारीख सुटली, दिवस कमी झाले, आणि सातांची दोन व पाच अशी फोड झाली. ‘नोंद सापडते’, ‘बहुधा’, ‘गावात सांगतात’ या तीन पायऱ्या शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरा. मधेच ‘निःसंशय’, ‘थोर’, ‘रक्तरंजित’ आले की वाचकाला पायरी कळेनाशी होते.

पुराव्याशिवाय हेतू लिहू नका. ‘मुद्दाम दडवले’ हे वाक्य तर फारच स्वस्त झाले आहे. बहुतेक वेळा कोणी काही दडवलेले नसते. कोणीतरी एकदा घाईत लिहिले आणि पुढच्यांनी उतरवले, एवढेच घडलेले असते.

## टप्पा ९: गावासमोर ठेवा

छापण्याआधी ज्यांच्या घरातल्या माणसांबद्दल लिहिले आहे त्यांना मजकूर वाचून दाखवा. ज्यांच्या आजोबांची नोंद सापडली नाही त्यांच्याकडे स्वतः जा, आणि ‘नोंद सापडली नाही’ म्हणजे ‘ते नव्हते’ असे नाही, हे समोर बसून सांगा. त्यातूनच कधी कधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यातला कागद पुन्हा टप्पा २ पासून तपासायचा, घरच्यांनी प्रेमाने दिला म्हणून तसाच घ्यायचा नाही.

१७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला नवे निष्कर्ष जाहीर करू नका. त्या दिवशी कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नसते, आणि माईकवर अर्धेच वाक्य पोचते. वेगळा दिवस घ्या, कागदांचे मोठे झेरॉक्स भिंतीवर लावा, लोकांना जवळ येऊन वाचू द्या. स्मारकावरचा फलक खोडायला जाऊ नका. ग्रामसभेत मांडून शेजारी पूरक फलकाचा ठराव घ्या, म्हणजे जुने काय होते आणि कशावरून बदलले, दोन्ही दिसते.

कागदांचे फोटो, रेकॉर्डिंग आणि दाव्यांची यादी यांच्या तीन प्रती करा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत किंवा तालुक्याच्या वाचनालयात, एक गावाबाहेरच्या माणसाकडे. रेकॉर्डिंग लिहून काढल्याशिवाय ठेवू नका. मोबाईल बदलताना पहिल्यांदा तेच जाते.